टाके न घालता शीर जोडली म्हणे, मग टिकेल ना?

गोदाकाठ | रविवार, रात्री १०.२०

माझ्या वडिलांना, अण्णांना, खालच्या जबड्याचा कॅन्सर निघाला. वय ६४, चाळीस वर्षं तंबाखू-चुना. ऑपरेशन इथे नाशिकमध्येच झालं. जबड्याचा डावा भाग काढला आणि त्या जागी पायातलं, नडगीशेजारचं बारीक हाड बसवलं. नुसतं हाड नाही, त्यावरची कातडी आणि त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या यांच्यासकट. त्या वाहिन्या मानेतल्या धमनी-शिरेला जोडल्या. सकाळी आठला आत नेलं, बाहेर आणलं तेव्हा संध्याकाळचे सात वाजून गेले होते.

डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "धमनी हाताने शिवली, शीर रिंगने जोडली. रक्त छान चाललंय." आम्ही सगळ्यांनी शेवटचं वाक्य तेवढं ऐकलं. काकांनी मात्र मधलंही ऐकलं होतं. जिन्यात मला बाजूला घेऊन म्हणाले, "शिरेला टाकेच घातले नाहीत म्हणे. सुटायची नाही का गं ती?"

मी शाळेत विज्ञान शिकवते. हृदयाचे चार कप्पे, धमनी, शीर, केशवाहिन्या हे दरवर्षी फळ्यावर काढते. पण या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. दुसऱ्या दिवशी राउंडला डॉक्टरांना विचारलं, तर त्यांनी कागदाच्या पाठीवर चित्र काढून पाच मिनिटं समजावलं. तेव्हापासून मिळेल ते वाचते आहे. काकांच्या मनात आलं ते आणखी कितीतरी घरांत येत असेल, म्हणून हा धागा.

पायातून आणलेलं हाड जिवंत राहायचं तर त्याला रक्त पोचलं पाहिजे, आणि पोचलेलं रक्त परतही गेलं पाहिजे. आपलं सगळं लक्ष पोचण्याकडे असतं. पण असं बसवलेलं अंग फसतं ते बहुतेकदा परतीची वाट बंद झाल्यामुळे. धमनीची भिंत जाड असते, कापली तरी तोंड उघडं राहतं. शिरेची भिंत पातळ, आत दाब कमी. कापली की ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीसारखी स्वतःलाच चिकटते. मायक्रोस्कोपखाली टाका घालताना सुई समोरच्या भिंतीबरोबर मागचीही भिंत उचलते, आणि तसा एक टाका पडला तरी वाट अडते.

रिंग म्हणजे प्लॅस्टिकच्या दोन बारीक कड्या. प्रत्येकीवर स्टीलच्या सहा-आठ टाचण्या उभ्या. आधी मापपट्टीने शिरेचं तोंड मोजतात. कड्या १ मिलिमीटरपासून ४ मिलिमीटरपर्यंत, अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने मिळतात. अण्णांना अडीचची बसली. शिरेचं एक टोक कडीच्या भोकातून ओढून घ्यायचं, बाहीची घडी घालतो तसं बाहेरच्या बाजूला उलटवायचं आणि टाचण्यांवर अडकवायचं. दुसरं टोक दुसऱ्या कडीवर, तसंच. मग यंत्राची मूठ फिरवली की दोन्ही कड्या समोरासमोर येतात, एकीच्या टाचण्या दुसरीच्या भोकांत घट्ट बसतात. झाला सांधा. हाताने शिवायला पंधरा-वीस मिनिटं लागतात तिथे हे पाचेक मिनिटांत होतं.

काकांना मी दोन बांगड्या आणि पायमोज्याचे दोन तुकडे घेऊन करून दाखवलं. त्यांनी मोज्यात बोट घालून सांधा चाचपला, आत काहीच लागलं नाही. मग म्हणाले, "हां, म्हणजे शिवण बाहेरून आहे."

कुणाच्या घरी असं ऑपरेशन झालंय का? डॉक्टर मंडळी असतील तर त्यांनीही लिहावं.

निफाडकर | रविवार, रात्री ११.०५

ताई, अण्णांना आराम पडो.

वाचताना द्राक्षाचं कलमच डोळ्यासमोर आलं. डॉगरिज जातीच्या खुंटावर आपण काडी भरतो, तिथे तरी कुठे टाका असतो? पाचर नीट तासायची, सालीखालचा हिरवा पदर हिरव्या पदराला भिडवायचा आणि कलमपट्टी बांधायची. पदर सरकला की कलम गेलं, पट्टी कितीही आवळली तरी. तुमच्या बाहीच्या घडीचं मर्म मला तेच वाटलं, आतला पदर आतल्या पदराला लागतोय.

एक शंका. ठिबकच्या नळीला आपण जॉइनर घालतो तो नळीच्या आत बसतो. पाण्याला तेवढ्यात अडथळा होतो आणि क्षार धरतात. रिंगच्या टाचण्या रक्तात येत नाहीत का?

गोदाकाठ | रविवार, रात्री ११.३०

दादा, नेमका हाच फरक डॉक्टरांनी सांगितला होता. टाचण्या शिरेतून आरपार जातात, पण शीर बाहेर उलटवलेली असल्यामुळे टोचतात तो भाग रक्ताच्या वाटेबाहेर राहतो. रक्ताला दिसतं ते फक्त शिरेचं स्वतःचं अस्तर, अलीकडचं आणि पलीकडचं. शिवलेल्या सांध्यात मात्र दोऱ्याचा थोडा भाग आत येतोच, आणि अस्तर सोडून दुसरं काही भेटलं की रक्त गोठायला लागतं. कडी शिरेचं तोंड गोल धरून ठेवते, तेवढ्या जागी ती चपटी होत नाही, हा आणखी एक फायदा.

सूक्ष्मतंतू | सोमवार, सकाळी ६.४०

मी प्लास्टिक सर्जन आहे, अशी ऑपरेशनं करतो. ताई, इतकं नेमकं वर्णन आमच्या विद्यार्थ्यांकडूनही क्वचित ऐकायला मिळतं. थोडा इतिहास सांगतो, कारण टाके चुकवण्याची धडपड टाक्यांइतकीच जुनी आहे.

१८९४ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर ल्यों शहरात सुऱ्याने हल्ला झाला. यकृताकडे जाणारी मोठी शीर कापली गेली होती आणि ती दुरुस्त करणं तेव्हा कुणालाच जमत नव्हतं. त्याच शहरात वैद्यक शिकणाऱ्या अलेक्सी कॅरेलच्या मनाला ते लागलं. ल्यों हे रेशमाचं गाव. कॅरेलने तिथल्या एका भरतकाम करणाऱ्या बाईंकडून बारीक सुईदोऱ्याचं काम शिकून घेतलं. १९०२ मध्ये त्याने आपली पद्धत प्रसिद्ध केली. गोल तोंडाला तीन ठिकाणी टाके घेऊन ताणायचं, म्हणजे गोलाचा त्रिकोण होतो आणि सरळ बाजू शिवणं सोपं जातं. त्या कामासाठी १९१२ चं नोबेल मिळालं. आजही आम्ही मूळ तेच करतो, फक्त दोरा १०-० नंबरचा असतो. तो ३० मायक्रॉनहूनही बारीक, डोक्याच्या केसाच्या निम्म्याहून कमी.

पण कॅरेलच्या आधी, १९०० मध्येच, एर्विन पायर यांनी मॅग्नेशियमची कडी वापरली होती. वाहिनीचं एक टोक कडीतून काढून तिच्यावर उलटवायचं आणि दुसरं टोक त्यावर चढवायचं. मॅग्नेशियम शरीरात हळूहळू विरघळतं. म्हणजे बाहीच्या घडीची कल्पना सव्वाशे वर्षांची आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत रशियात गुदोव यांनी रक्तवाहिनीला पिना मारणारं यंत्र केलं. १९६२ मध्ये जपानच्या नाकायामांनी टाचण्यांनी एकमेकींत अडकणाऱ्या धातूच्या दोन कड्या केल्या. १९८६ मध्ये स्वीडनच्या ओस्ट्रप आणि बेरग्रेन यांनी ती सुधारून प्लॅस्टिकची केली. अण्णांच्या मानेत बसलेली कडी त्याच घराण्यातली.

इतरही वाटा झाल्या. १९९० च्या दशकात टायटॅनियमच्या बारीक क्लिपा आल्या. दोन्ही कडा बाहेर उलटवून वरून चिमटा बसवायचा, भिंतीला भोकच पडत नाही. १९७९ मध्ये जैन आणि गोरिश यांनी लेझरच्या उष्णतेने बारीक वाहिन्या सांधून दाखवल्या. उष्णतेने भिंतीतलं कोलॅजन नावाचं प्रथिन एकमेकांत मिसळतं. पण तो सांधा पहिल्या काही दिवसांत कमकुवत असतो, फुगा येण्याची भीती राहते. म्हणून ते रोजच्या वापरात आलं नाही.

हृदयाच्या बायपासमध्येही टाक्याविना जोडणारं साधन आलं होतं, निटिनॉल धातूचं. अमेरिकेत २००१ मध्ये त्याला मान्यता मिळाली, पण जोडलेल्या जागी वाहिनी अरुंद होऊ लागली आणि काही वर्षांतच ते मागे घेतलं गेलं. ते साधन आतल्या बाजूने, रक्ताच्या वाटेत आकडे ठेवणारं होतं. निफाडकर दादांच्या जॉइनरचीच गोष्ट.

काकांना सांगा, रिंगचा सांधा सहसा सुटत नाही. सरावलेल्या हातात शिवलेली शीर आणि रिंगची शीर यांचे निकाल जवळपास सारखे येतात. वेळ मात्र वाचतो, आणि दहा तासांच्या ऑपरेशनच्या आठव्या तासाला वाचलेली पंधरा मिनिटं फार मोलाची असतात.

येवलेकर | सोमवार, सकाळी ९.१५

आमचं घर पैठणीचं. डॉक्टर, ल्योंच्या त्या भरतकाम करणाऱ्या बाईंबद्दल वाचून आईला वाचून दाखवलं. ती दोनदा वाच म्हणाली.

जुना ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, संपत आला की नवीन ताण्याचे हजारो धागे जुन्याला एकेक करून सांधावे लागतात. गाठ मारत नाही, बोटाने पीळ देऊन धाग्यात धागा मुरवतात. गाठ राहिली तर फणीतून जाताना अडते नाहीतर तुटते. आई म्हणाली, "रक्ताचंही तसंच दिसतंय, गाठ आवडत नाही त्याला."

एक विचारायचं आहे. रिंग इतकी सोयीची, तर मग धमनी हाताने का शिवली?

सूक्ष्मतंतू | सोमवार, दुपारी २.१०

आईंना माझा नमस्कार सांगा.

धमनीची भिंत जाड आणि ताठ, ती बाहीसारखी उलटत नाही. जबरदस्तीने उलटवली तर आतलं अस्तर फाटतं, आणि फाटलेल्या अस्तरावर गुठळी हमखास. वय झालेलं, तंबाखूची सवय असलेलं किंवा आधी रेडिएशन घेतलेलं माणूस असेल तर धमनी आणखीच कडक असते. अशा वेळी आठ-दहा टाके हाताने, एकेक बघून घालणं हेच बरं. मऊ धमनीला रिंग लावणारे सर्जन आहेत. मी सहसा लावत नाही.

सातपूर_शिफ्ट | सोमवार, रात्री ९.५०

मी सातपूर एमआयडीसीत पॉवर प्रेसवर वीस वर्षं काम केलं, आता सुपरवायझर आहे. आमच्याकडचा एक पोरगा, लग्नाला सहा महिने झालेले, डायमध्ये हात गेला. तर्जनी आणि मधलं बोट तुटलं. कुणीतरी धावत जाऊन बर्फाचा गोळा आणला आणि बोटं थेट बर्फात घालून डबा बंद केला. आम्हाला वाटलं, चांगलंच केलं.

मधलं बोट जोडलं गेलं. तर्जनी काळी पडली, काढावी लागली. बर्फाला चिकटलेलं मांस गोठून मेलं होतं असं नंतर कळलं. डबा माझ्याच हातात होता गाडीत. आजही त्र्यंबक नाक्यावरून जाताना आठवतं.

डॉक्टर, बोटालाही रिंग लावता येते का? आणि बोट आणायचं कसं, ते इथे सगळ्यांसाठी लिहा.

सूक्ष्मतंतू | सोमवार, रात्री ११.२५

दादा, दोन बोटांतलं एक जोडलं गेलं यात तुम्ही वेळेत पोचवलंत याचाही वाटा आहे, हे विसरू नका.

बोटाच्या बुडाशी धमनी साधारण १ मिलिमीटर, टोकाकडे अर्धा. सर्वांत लहान रिंग १ मिलिमीटरची. म्हणून बोटाला बहुतेक वेळा हातानेच शिवतो. १९६५ मध्ये जपानमधल्या नारा इथे कोमात्सू आणि तामाई यांनी पूर्ण तुटलेला अंगठा पहिल्यांदा जोडला, तोही शिवूनच. पंजा किंवा मनगटापाशी तुटलं असेल तर तिथल्या शिरा मोठ्या, तिथे रिंग उपयोगी पडते आणि वाचलेल्या मिनिटांचं महत्त्वही जास्त. बोटात स्नायू नसतो, त्यामुळे नीट थंड ठेवलेलं बोट बारा तासांनी, क्वचित चोवीस तासांनीही जोडता येतं. मनगटाच्या वर स्नायू असतो, तो थंडाव्याविना सहा तासांच्या पुढे टिकत नाही.

आणायचं असं. बोट सलाइनमध्ये किंवा स्वच्छ पाण्यात भिजवून पिळलेल्या गॉजमध्ये गुंडाळा. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा. ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बर्फ बोटाला लागता कामा नये, पाणीही आत जाता कामा नये. स्पिरिट, आयोडीन, हळद काही लावू नका. हाताच्या जखमेवर स्वच्छ कापड दाबून हात उंच धरा, रबराने किंवा तारेने आवळू नका. चिरडलेला तुकडा दिसला तरी टाकून देऊ नका, जोडायचा की नाही ते आम्हाला ठरवू द्या.

सातपूर_शिफ्ट | सोमवार, रात्री ११.४०

हे जसंच्या तसं छापून प्रत्येक मशीनपाशी लावतो. गॉज, सलाइन, पिशव्या उद्याच प्रथमोपचाराच्या पेटीत ठेवतो.

पंचवटी_२२ | मंगळवार, सकाळी ८.०५

फेविक्विकने कातडी लगेच चिकटते, मग तसा काही डिंक रक्तवाहिनीसाठी नाही का? आणि आईचं डायलिसिस चालू होणार आहे, हातात फिस्टुला करायला सांगितलाय. तोही टाक्यांविना होतो का?

सूक्ष्मतंतू | मंगळवार, दुपारी १.३०

डिंक आहे, त्याच जातीचा पण शरीरासाठी बनवलेला, सायनोअ‍ॅक्रिलेट. घरातला चुकूनही वापरू नये. अडचण डिंकाची नाही, स्वतःलाच चिकटलेल्या शिरेची आहे. तोंड उघडं न धरता डिंक लावला तर तो आत उतरतो. यावर २०११ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डच्या गुर्टनर आणि सहकाऱ्यांनी फार सुंदर उपाय दाखवला. पोलोक्सॅमर नावाचा पदार्थ थंड असताना पातळ असतो, ऊब दिली की घट्ट होतो. तो वाहिनीच्या दोन्ही तोंडांत भरायचा, दिव्याने थोडी ऊब द्यायची, तोंडं गोल आणि ताठ उभी राहतात. मग बाहेरून डिंक लावायचा. ऊब काढली की आतला पदार्थ पुन्हा पातळ होऊन रक्ताबरोबर वाहून जातो. उंदरांमध्ये हे शिवण्यापेक्षा पाचपट वेगाने झालं आणि दोन वर्षांपर्यंतही सांधे चांगले राहिले. माणसांत मात्र ते नेहमीच्या वापरात नाही. मी स्वतः त्याची वाट बघणाऱ्यांपैकी आहे.

आईंच्या फिस्टुलाबद्दल: धमनी आणि शीर शेजारी आणून शिवणं हीच नेहमीची पद्धत. टायटॅनियमच्या क्लिपांनीही करतात. २०१८ मध्ये अमेरिकेत कॅथेटरच्या, म्हणजे बारीक नळीच्या, दोन पद्धतींना मान्यता मिळाली, त्यात सुईवाटे आत जाऊन शेजारशेजारच्या धमनी-शिरेत उष्णतेने वाट पाडतात, टाका नसतो. पण प्रत्येकाच्या हातातल्या वाहिन्यांची रचना त्याला जुळत नाही. कोणत्याही पद्धतीने केला तरी फिस्टुला पिकायला, म्हणजे डायलिसिसची सुई टोचण्याजोगा व्हायला, काही आठवडे लागतात, म्हणून करून घ्यायला उशीर नको. आणि त्या हातातून आतापासून रक्त काढू देऊ नका, सलाइन लावू देऊ नका, हे नर्सला प्रत्येक वेळी सांगा.

इगतपुरीची_सून | मंगळवार, सायंकाळी ७.००

गोदाकाठ ताई, माझ्या सासऱ्यांचं अगदी हेच ऑपरेशन पुढच्या बुधवारी आहे. रिंगचा खर्च वेगळा सांगितलाय, घरात त्यावरून चर्चा चाललीय. रिंग आयुष्यभर आतच राहते का? एमआरआय करता येतो का? आणि ऑपरेशननंतर आम्ही काय बघायचं?

गोदाकाठ | मंगळवार, रात्री १०.१५

ताई, आमच्याही बिलात ती वेगळी ओळ होती. मी डॉक्टरांना सरळ विचारलं होतं, "नाही घेतली तर?" ते म्हणाले, "मी हाताने शिवेन, आणि तेही चांगलं होईल." या उत्तरामुळे मला त्यांच्यावर जास्त भरवसा वाटला. तुम्हीही हाच प्रश्न विचारा. रिंग परवडत नाही म्हणून ऑपरेशन पुढे ढकलू नका, कॅन्सर थांबत नाही.

कडी कायमची आतच राहते, जाणवत नाही. एमआरआयच्या आधी डिस्चार्ज कार्ड दाखवायचं, त्यावर कोणती रिंग बसवली ते लिहून घ्यायचं. काही रिंगांना रक्ताचा आवाज ऐकवणारी तार असते, तिचं वेगळं विचारावं लागतं. आम्ही स्टिकरच चिकटवून घेतला.

आता बघायचं काय. पहिले तीन दिवस सगळ्यात नाजूक. नर्स दर तासाला टॉर्च घेऊन तोंडातली नवी कातडी बघायची, बोटाने दाबून रंग परत किती वेळात येतो ते बघायची. फिकी पडली तर धमनीची शंका, निळी-जांभळी पडून फुगली तर शिरेची. पेनासारखं एक यंत्र मानेवर ठेवलं की आवाज यायचा. धमनीचा ठोक्याठोक्याने आणि शिरेचा सलग, वाऱ्यासारखा. दुसऱ्या रात्री अडीचला तो वारा मला ऐकू येईना. मी धावत गेले. सिस्टर आल्या, यंत्र बोटभर सरकवलं आणि आवाज आला. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अशाच उठवा मला. अडलं असेल तर काही तासांतच पुन्हा आत न्यावं लागतं, तेवढ्यात नेलं तर वाचतं."

मान एका बाजूला दाबून झोपू देऊ नका. श्वासाच्या नळीची पट्टी मानेभोवती घट्ट झाली का ते विचारत राहा. खोली गार नको. आणि सासरे, घरातले, भेटायला येणारे, कुणीही तंबाखू-बिडी नाही, निकोटिनने वाहिन्या आकसतात. आमच्या काकांनी त्या जिन्यातच डबी कचऱ्यात टाकली. अजून तरी परत आणलेली नाही.

काल अण्णांची नाकातली नळी निघाली. भाताची पेज, दोन वाट्या, चमच्याने. बोलणं अजून अस्पष्ट आहे पण "मीठ कमी" हे मला नीट कळलं.

डॉक्टरांनी काढलेलं चित्र माझ्याकडे जपून ठेवलंय. उद्या शाळेतून आल्यावर त्याचा फोटो इथे टाकते. बुधवारच्या आधी एकदा फोन करावासा वाटला तर व्यक्तिगत निरोपातून सांगा, रात्री नऊनंतर मी मोकळी असते.